फुगडी आणि पैठणी

सभेला माणसे जमविणे सोपे, बसविणे कठीण! म्हणून संयोजक शेवटी सोडत ठेवतात. मग मंडळी बसतात खरी, पण लक्ष वक्त्यापेक्षा चिठ्ठीकडे! २००४ साली ‘होम मिनिस्टर’ छोट्या पडद्यावर आले नि पुढे गणेशोत्सवांतूनही पैठणीचे खेळ रंगू लागले. घरची वहिनी मंचावर चढली, हे त्याचे पुण्यच. परंतु पैठणी एकीची, टाळ्या बाकीच्यांच्या.

आपली मंगळागौर याबाबतीत अधिक शहाणी. रात्र जागवायची, म्हणून झिम्मा नि फुगड्या. बक्षीस नाही, पण फुगडीला दुसरीचे हात लागतात. त्यामुळे कोपऱ्यात बुजून बसलेल्या नव्या सुनेलाही कोणीतरी ओढून उठवतेच.

तेव्हा संयोजकहो, पैठणी खुशाल द्या. मात्र एक तरी खेळ असा ठेवा, की ज्यात शेजारणीचा हात धरावाच लागेल!