‘शेड्यूल्ड’ : एका विशेषणाची कैफियत

इंग्रजीतील काही विशेषणे शब्दकोशात एका अर्थाने नांदतात आणि लोकांच्या तोंडी दुसऱ्याच अर्थाने. शहापूर आणि मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांत असे एक विशेषण रोज कानांवर पडते. ते म्हणजे ‘शेड्यूल्ड’. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, नोकरीची जाहिरात, ग्रामपंचायतीची निवडणूक; हा शब्द कोठे नाही? परंतु त्याचा अर्थ विचारला, तर पुष्कळजण ‘मागासलेला’ असे सांगून मोकळे होतात. हा अर्थ साफ चुकीचा आहे आणि ही चूक नुसती भाषेची नाही, असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. ‘शेड्यूल’ हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ कागदाची लहानशी चिठ्ठी. पुढे दस्तऐवजाला जोडलेली यादी, कायद्याच्या शेवटी दिलेले परिशिष्ट आणि त्यानंतर वेळापत्रक, असा त्याचा विस्तार होत गेला. अशा यादीत ज्याचे नाव घातले आहे, तो ‘शेड्यूल्ड’. आपण त्याला ‘अनुसूचित’ म्हणतो. ‘सूची’ म्हणजे यादी. यात कमीपणा कोठे आला?

कायद्याचा इतिहासही हेच सांगतो. १८७४ साली इंग्रज सरकारने ‘शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स ॲक्ट’ केला, तेव्हा हे विशेषण माणसांना नव्हे, मुलखाला लागले होते. १९३५ च्या कायद्यात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या नावाच्या जागी ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ हे नाव आले. ‘डिप्रेस्ड’ म्हणजे दबलेला; हा शब्द माणसाच्या स्थितीवर शेरा मारतो. ‘शेड्यूल्ड’ शेरा मारीत नाही, फक्त यादीकडे बोट दाखवतो. पुढे १९५० साली राज्यघटना अंमलात आली आणि अनुसूचित जमाती हा शब्दप्रयोग रूढ झाला.

आता गंमत पाहा. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीत जिचे नाव असते, ती ‘शेड्यूल्ड बँक’. बँका हे विशेषण पाटीवर मोठ्या दिमाखाने रंगवून घेतात. घटनेच्या आठव्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत आणि त्यांत आपली मराठीही आहे. म्हणजे मराठी भाषाही अनुसूचितच! मग बँकेच्या पाटीवर जो शब्द भूषण ठरतो, तोच कातकऱ्याच्या पोरापुढे उच्चारताना आपला आवाज का बदलतो?

दुसरा घोटाळा माणूस आणि जमीन यांचा. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार शहापूर तालुका सबंध अनुसूचित क्षेत्रात आहे, तर मुरबाड तालुक्यातील काहीच गावे त्यात आहेत. तेव्हा शहापूरचा बिगर आदिवासी दुकानदार अनुसूचित क्षेत्रात राहतो, पण तो स्वतः अनुसूचित नव्हे. उलट मुरबाडच्या क्षेत्राबाहेरील गावात राहणारा ठाकर अनुसूचित जमातीचा आहे, पण त्याचे गाव अनुसूचित नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले विशेष अधिकार क्षेत्राला जोडलेले आहेत. शिष्यवृत्ती आणि राखीव जागा जमातीला. विशेषण एकच, पण ते कोणत्या नामाला लागले आहे हे न पाहिल्यास हक्क कोठे मागायचा हेच कळत नाही.

मी स्वतः ठाकर आहे. ‘तू शेड्यूलमधला, तुला काय, मार्क नसले तरी चालतात,’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. त्यामुळे माझे काही मित्र म्हणतात, की हा शब्दच टाकून द्यावा. मला हे पटत नाही. मुंबई-ठाण्याचे गिऱ्हाईक आज आपल्या भागात जमिनी पाहत हिंडते आहे. अनुसूचित जमातीच्या माणसाची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीच्या नावावर होऊ शकत नाही, असे महाराष्ट्राचा जमीन महसूल कायदा सांगतो. ज्या यादीने बापजाद्यांच्या भातखाचराला असा आधार दिला, तिच्यातील आपल्या नावाची लाज आपण का बाळगावी? शब्द टाकला, तर चिडवणाऱ्याचे काही जात नाही. जाते ते आपलेच.

मात्र त्याची जागा ठरलेली असावी. अर्जात, कचेरीत, ग्रामसभेत तो ठासून वापरावा. ओळख सांगताना मात्र ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली ही आपली नावे सांगावीत. ती यादीने दिलेली नाहीत. यादीने ती आपल्याकडून घेतली आहेत. आणि आपल्या वर्गमित्रांना माझी एवढीच विनंती आहे, की हा शब्द उच्चारताना त्याचा अर्थ ‘यादीत नाव असलेला’ एवढाच आहे, हे ध्यानात ठेवावे. त्यापुढचा अर्थ आपण जोडलेला आहे. तो काढून टाकणेही आपल्याच हाती आहे.