‘जाऊ नको’ एवढ्याने भागत नाही

दिवाळीच्या तोंडावर फटाक्यांबाबत मुलांना चार गोष्टी सगळेच बजावतात. पण याच सुट्टीत सोयाबीनची मळणी उरकायची असते, कापसाची वेचणी जोरात असते, रब्बीची पेरणी सुरू होते आणि शाळा बंद म्हणून मुले आईबापांबरोबर रानात असतात. तिथे त्यांना मिळणारी शिकवण बहुधा एवढीच असते: ‘तिकडे जाऊ नको.’ हे बोलणे काळजीपोटीच येते, पण ते अपुरे आहे, असे आम्हांला ठामपणे वाटते. धोका नेमका कशात आहे हे त्यातून मुलाला कळत नाही आणि तो ओढवलाच तर काय करायचे हेही कळत नाही.

शेततळ्याचेच पाहा. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि कोरडवाहू गावांत तळी वाढली. योजनेतले मोठे तळे ३० बाय ३० मीटरचे, ३ मीटर खोल. पाणी मुरू नये म्हणून अनेक जण त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरतात आणि त्यावर शेवाळ धरते. ‘आम्ही विहिरीत उड्या मारतच मोठे झालो, काय झाले?’ असे म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा. जुन्या विहिरीला पायऱ्या असत, दगडांच्या खाचा असत. इथे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही धरायला काही सापडत नाही. काठाशी येऊनही पाय निसटत राहतो. मुलाला हे काठावर उभे करून, ओला कागद हाताने चाचपायला लावून दाखवले पाहिजे. भाऊ पडला तर मागोमाग उडी घ्यायची नाही. दोर किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकायचा आणि जिवाच्या आकांताने ओरडायचे, हेही सांगितले पाहिजे. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात, अशा बातम्या दर वर्षी येतात. अर्थात फेकायला दोर तिथे हवा. तळ्याला कुंपण आणि चारी बाजूंना खुंटीला बांधलेले, गाठी मारलेले दोर, हे काम मोठ्यांचे.

सुरक्षिततेचे ओझे मुलांवर का टाकता, हा आक्षेप म्हणूनच आम्हांला निम्मा मान्य आहे. दोन वर्षांच्या पोराला काही शिकवून उपयोग नाही. तिथे कडीकुलूपच हवे. बिहारमधल्या सारण जिल्ह्यात २०१३ साली शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. त्या मुलांची कसलीच चूक नव्हती. औषधाच्या रिकाम्या डब्यात तेल-पाणी भरणारे घर आजही सापडते. मात्र तिसरी-चौथीतल्या मुलाला बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण सहज ओळखता येतो. लाल सर्वांत जहाल, पण हिरवाही निर्धोक नव्हे, आणि पेरणीच्या पिशवीतले गुलाबी दाणे विषारी औषध चोळलेले असतात, हे त्याला समजते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शिकायची गरज मुलांपुरतीच नाही.

एवढे सांगितले तर मुले भेदरतील, शेतीपासून दूर जातील, असेही म्हटले जाते. आमच्या मते मुलाला खरी भीती असते ती माराची. मनाई मोडली की पोर गप्प बसते आणि तीच वेळ हातची जाते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. खूण धड दिसत नाही, आगही फारशी होत नाही, पुढे पोट दुखते, पापण्या जड होतात. संध्याकाळी नको तिथे खेळून आलेले मूल ओरडा बसेल म्हणून ते दुखणे अंगावर काढते. सापाची लस सरकारी दवाखान्यात मिळते, पण तिथे वेळेत पोचावे लागते. म्हणून घरात एवढे ठरलेले असावे, की काही चावले, अंगावर औषध सांडले, कोणी पाण्यात पडले, तर ते सांगणाऱ्या मुलाला त्या दिवशी कोणीही रागावणार नाही. सुट्टी संपायच्या आत आईबापांनी हे मुलांना तोंडाने सांगावे, आणि आजी-आजोबांनाही ते ठाऊक असावे.