गिधाडे कोठे गेली?

पक्ष्यांचे कौतुक करताना माणसाने मोठाच पक्षपात केलेला आहे. मोराचा पिसारा, हंसाची चाल, कोकिळेचा कंठ आणि चातकाची तहान यांवर कवींनी पानेच्या पाने लिहिली. पोपटाला घरात आणून पिंजऱ्यात मानाने ठेवले. तो मान त्याला हवा होता की नव्हता, हा प्रश्न निराळा. कावळ्यालासुद्धा पितृपक्षात निदान पंधरा दिवस आदराने बोलावले जाते. परंतु गिधाडाचे नाव काढताच लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. बोडके डोके, उघडी मान, वाकडी चोच आणि मेलेल्या जनावरांवर पोसलेला देह! भाषेनेही त्याला सोडले नाही. दुसऱ्याच्या संकटावर टपून बसणाऱ्या माणसाला मराठीत 'गिधाड' म्हणतात. वस्तुतः संकटात असलेल्या जिवाला छळण्याच्या भानगडीत हा पक्षी सहसा पडत नाही. जीव गेला, म्हणजे मग तो खाली उतरतो. हा विवेक सर्व माणसांजवळ असतोच असे नाही.

महर्षी वाल्मीकींनी मात्र गिधाडाला योग्य तो मान दिला. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाला अडविण्यासाठी वृद्ध जटायूने आपले पंख आणि प्राण गमावले, आणि श्रीरामांनी त्याच्यावर पुत्राप्रमाणे अंत्यसंस्कार केले. नाशिक जिल्ह्यातील टाकेद येथे ही घटना घडली, अशी परंपरागत श्रद्धा आहे. जटायूचा भाऊ संपाती याने तर समुद्रापलीकडील लंकेत बसलेली सीता आपल्या दृष्टीने पाहिली व वानरांना तिचा पत्ता सांगितला. काव्यातील अतिशयोक्ती वजा केली, तरी गिधाडाच्या नजरेविषयी प्राचीन ऋषीने जे लिहिले त्यात तथ्य आहे. आपल्याकडील गिधाडे वासावरून नव्हे, तर डोळ्यांनी अन्न शोधतात. आकाशात अतिशय उंचावर ती एकमेकांपासून दूरदूर घिरट्या घालतात. प्रत्येकाचे लक्ष जमिनीवर असते, तसेच शेजारच्या गिधाडावरही असते. एक खाली झेपावले की दुसरे त्याच्यामागे वळते, दुसऱ्याला पाहून तिसरे, आणि पाहता पाहता रिकाम्या आकाशातून पन्नास-शंभर पक्षी एका जागी गोळा होतात.

त्यांच्या रूपाची टिंगल करणाऱ्यांनी त्यांचे काम लक्षात घेतले पाहिजे. मेलेल्या जनावराच्या पोटात मान खुपसून ज्याला जेवायचे आहे, त्याच्या मानेवर दाट पिसे असती तर ती रक्तमांसाने बरबटून सडली असती. त्याचे बोडकेपण हा कुरूपपणा नव्हे, ती सोय आहे. त्याच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की, सडलेल्या मांसातील बहुतेक रोगजंतू त्यात नष्ट होतात. ज्या मांसाने कुत्रा आजारी पडेल, ते गिधाड सहज पचविते. गिधाडांचा थवा जमला, तर एका मेलेल्या बैलाचे मांस तास-दीड तासात संपून पांढरी हाडे तेवढी मागे उरत.

'उरत' हा भूतकाळ येथे सहज आलेला नाही.

सुमारे 1980 पर्यंत भारतात गिधाडे कोट्यवधी होती. पांढऱ्या पाठीचे गिधाड तर जगातील मोठ्या गरुड-गृध्रवर्गातील बहुधा सर्वांत विपुल पक्षी मानला जाई. गावाबाहेर मेलेली गुरे टाकण्याची एक ठरलेली जागा असे. कातडे काढणारे आपले काम करून गेले की गिधाडे उतरत, आणि ती उडून गेली की हाडे वेचणारी गरीब माणसे स्वच्छ झालेली हाडे गोळा करून कारखान्यांना विकत. दिल्लीसारख्या शहरातील मोठ्या झाडांवरही त्यांची घरटी असत. विमानांना त्यांची धडक बसू नये म्हणून विमानतळांवर काळजी घ्यावी लागे. अशा पक्ष्याची उणीव कधी भासेल, हे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

राजस्थानात भरतपूरजवळ केवलादेव हे पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेले राष्ट्रीय उद्यान आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या मुंबईच्या जुन्या संस्थेचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी 1980 नंतरच्या दशकात तेथील गिधाडांचा अभ्यास केला होता. त्या वेळी त्यांना साडेतीनशेच्या आसपास घरटी आढळली होती. 1996 मध्ये ते पुन्हा तेथे गेले, तेव्हा ती निम्म्याहूनही कमी झाली होती. झाडांवर गिधाडे मान खाली टाकून, पेंगल्यासारखी बसलेली दिसत आणि काही दिवसांनी खाली कोसळत. पुढील चार-पाच वर्षांत तेथील घरटी पुरती ओस पडली. हे केवळ भरतपूरचे दुर्दैव नव्हते. पांढऱ्या पाठीची जी गिधाडे 1992 मध्ये एक हजार होती, तेथे 2007 मध्ये जेमतेम एक उरले, असे देशभरच्या पाहणीतून दिसून आले. लांब चोचीच्या व बारीक चोचीच्या गिधाडांपैकी शंभरांत तीनच वाचली होती.

प्रथम सर्वांना साथीच्या रोगाचा संशय आला. रोगजंतूंचा शोध घेण्यात काही वर्षे गेली. मेलेल्या पक्ष्यांच्या शरीरात आतील अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर आढळे. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे शरीरातील युरिक आम्ल बाहेर न जाता तेथे साचत असे. पण मूत्रपिंडे निकामी कशाने झाली? लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्यकाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील पंजाबात याचा छडा लावला. रोगजंतू सापडत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी एक साधाच प्रश्न विचारला: गिधाडे गुरे खातात, मग गुरे काय खातात? गुरांना दिल्या जाणाऱ्या औषधांची यादी तपासता तपासता ते डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधापाशी येऊन थांबले. मूत्रपिंडे बिघडून मेलेल्या प्रत्येक गिधाडात हे औषध सापडले. ते औषध दिलेल्या जनावराचे मांस खाऊ घातलेली गिधाडेही तशीच मेली. हे संशोधन 2004 मध्ये प्रसिद्ध झाले.

हे औषध माणसांना सांधेदुखीवर देतात. 1990 नंतर ते स्वस्त झाले आणि लंगडणाऱ्या बैलाला किंवा तापाने फणफणलेल्या गाईला सर्रास टोचले जाऊ लागले. त्यात शेतकऱ्याचा दोष काय? मुक्या जनावराच्या वेदना पाहून त्याने चार पैसे खर्च केले, हे त्याच्या दयाळूपणाचेच लक्षण आहे. काही जनावरे औषध देऊनही दगावत आणि नेहमीप्रमाणे गावाबाहेर टाकली जात. अशा विषारी देहांचे प्रमाण शंभरांत एकाहूनही कमी असते, तरी ते पुरेसे ठरले असते. कारण गिधाड एकटे जेवत नाही. जे शहाणपण त्यांना अन्नापर्यंत घेऊन येई, त्याच शहाणपणाने शंभर पक्षी एकाच पंक्तीला बसत आणि एकाच पंक्तीत मृत्यू पावत. त्यातून गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. चिमण्यांप्रमाणे दोन-चार हंगामांत तूट भरून काढणे या पक्ष्याला शक्य नाही.

चित्ता भारतातून नाहीसा झाला, तेव्हा त्याच्यामागे बंदुका लागल्या होत्या, त्याची कुरणे नांगराखाली गेली होती. त्याला कोणी मारले ते सर्वांना दिसत होते. 1952 मध्ये तो येथून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. गिधाडांवर मात्र कोणी बंदूक रोखली नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा अस्तित्वात होता, अभयारण्ये होती, रक्षक होते. त्या साऱ्यांच्या देखत, कोणाच्याही मनात वैर नसताना, जगाच्या इतिहासात क्वचितच घडला असेल असा एका पक्षिकुळाचा संहार येथे घडला. वन्यजीवांचे रक्षण म्हणजे जंगलाभोवती कुंपण घालणे, ही समजूत किती अपुरी आहे ते यावरून ध्यानात येते. गिधाडाचे भवितव्य जंगलात ठरले नाही. ते औषधांच्या दुकानात ठरले. म्हणून गुरांसाठी नवे औषध विकण्याची परवानगी देताना ते गुरांना मानवते की नाही एवढेच पाहून भागणार नाही. ते गुरू मेल्यानंतर त्याला कोण खाणार आहे, हेही आधीच तपासले पाहिजे. पुढे मेलॉक्सिकॅम हे तितकेच उपयोगी औषध गिधाडांना अपाय करीत नाही, असे सिद्ध झाले. म्हणजे गुरांच्या वेदना शमविणे आणि गिधाडे वाचविणे यांत विरोध मुळीच नव्हता. फक्त कोणी चौकशी केली नव्हती.

भारत सरकारने 2006 मध्ये गुरांसाठी डायक्लोफेनॅक वापरण्यास बंदी केली. तरीही माणसांसाठी असलेल्या मोठ्या कुप्या गुरांना टोचण्याचा प्रकार चालूच राहिला. अखेर 2015 मध्ये अशा कुपीत 3 मिलिलिटरपेक्षा जास्त औषध असू नये, असा नियम करावा लागला. एका माणसाला ते पुरते, बैलाला पुरत नाही! केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ही आणखी दोन घातक औषधे गुरांना देण्यास 2023 मध्ये बंदी झाली. ती घातक आहेत हे त्यापूर्वीच ठाऊक झाले होते. इतका उशीर का लागावा, हे कोडेच आहे.

"गिधाडे गेली तर बिघडले काय?" असे विचारणारे लोक असतात. मेलेली गुरे तर पडून राहिलीच. ती खायला भटकी कुत्री आली. कुत्र्यांना गिधाडासारखे जठर नाही आणि त्यांच्या चाव्यातून माणसाला प्राणघातक रोग होतो. सडणारे मांस पाण्यात मिसळू लागले. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात असा अंदाज मांडला आहे की, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे 2000 ते 2005 या काळात भारतात सुमारे 5 लाख अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हाडे वेचणाऱ्यांचा धंदा बुडाला. मुंबईत मलबार टेकडीवरील दोख्म्यात आपले मृत गिधाडांच्या स्वाधीन करणाऱ्या पारशी समाजाला सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली. शतकानुशतके जे काम फुकट होत असे, त्याची किंमत पैशांत आणि प्राणांत मोजावी लागली.

तथापि, उपयोगाचा हा हिशेब कितीही खरा असला, तरी तेवढ्यावर थांबणे बरे नव्हे. उद्या मेलेली गुरे पुरणारे उत्तम यंत्र निघाले, तर गिधाडाला जगण्याचा हक्क उरणार नाही काय? घरातील म्हातारे माणूस काम करीनासे झाले म्हणून त्याला कोणी घराबाहेर काढीत नाही. माणसाच्या कितीतरी आधीपासून जो पक्षी या आकाशात फिरतो आहे, त्याने आपली उपयुक्तता माणसापुढे सिद्ध करावी, ही अपेक्षाच थोडी उर्मटपणाची आहे. वाघासाठी 1973 मध्ये मोठी योजना सुरू झाली, आणि ते योग्यच झाले. पण वाघ देखणा आहे. ज्याचे चित्र कोणी भिंतीवर लावत नाही, अशा जिवासाठी माणूस काय करतो, यावर त्याच्या दयेची खरी पारख होते.

ती पारख अगदीच निराशाजनक नाही. हरियाणातील पिंजोर येथे 2004 पासून गिधाडांची पैदास केली जाते. तेथून 2020 मध्ये काही पक्षी मोकळ्या आकाशात सोडण्यात आले. 2024 मध्ये पिंजोरची गिधाडे महाराष्ट्रात ताडोबा व पेंच येथील जंगलांत आली. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी रानात लगेच रुळत नाही. त्यांतील सारी काही जगली नाहीत. रायगड जिल्ह्यातील म्हसळा तालुक्यात चिरगाव नावाचे लहानसे गाव आहे. तेथील गावकऱ्यांनी घरट्यांची उंच झाडे राखली. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाडा येथे गावकऱ्यांनी गिधाडांसाठी जागा राखून ठेवली असून मेलेली जनावरे तेथे आणून टाकली जातात. शहरातील माणसे तिला हौसेने 'गिधाडांचे उपाहारगृह' म्हणतात. टाकलेल्या जनावराला घातक औषध दिलेले नव्हते ना, याची खात्री करणे हे त्या उपाहारगृहातील सर्वांत महत्त्वाचे काम.

त्याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ अंजनेरीचा डोंगर आहे. त्याच्या कड्यांच्या कपारींत लांब चोचीची गिधाडे अजून घरटी करतात. ऊन तापून हवा वर चढू लागली की ती कड्यावरून पंख पसरून निघतात आणि फारसे पंख न हलवता दूरवर जातात. त्यांना तालुक्याची वा जिल्ह्याची सीमा ठाऊक नसते. सकाळी अंजनेरीवरून उडालेले गिधाड दुपारी कोणत्या गावाबाहेर उतरेल, हे कोणी सांगू शकत नाही. आणि तेथे पडलेल्या बैलाला दोन दिवसांपूर्वी कोणते औषध टोचले होते, हे त्या गावातील त्या गोठ्याच्या मालकालाच ठाऊक असते.