भस्मासुराला वर दिला कोणी?

राक्षस मरतात, त्यांची नावे मात्र मरत नाहीत. ती भाषेत शिरतात आणि तिथे नवी कामे पत्करतात. उन्हे वर आली तरी लोळणाऱ्या पोराला आपण कुंभकर्ण म्हणतो. पंगतीत हात न आखडणाऱ्या पाहुण्याला, अर्थात त्याच्या माघारी, बकासुर म्हणतो. पण या मंडळींत सर्वांत जास्त राबवला गेला तो भस्मासुर. महागाईचा भस्मासुर, लोकसंख्येचा भस्मासुर, प्लॅस्टिकचा भस्मासुर, दुष्काळाचा भस्मासुर! मथळ्याला वजन आणायचे असले की बोलवा त्याला. माझी तक्रार एवढीच, की या राबवणुकीत त्याचा निम्मा अर्थ गळून गेला आहे, आणि गळला तो नेमका आपल्याला अडचणीत आणणारा निम्मा.

ग्रीकांच्या एका राक्षसाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. हायड्रा हा लेर्नाच्या दलदलीतला अनेक तोंडांचा सर्प. हर्क्युलिसने त्याचे एक मुंडके उडवावे, तर त्या जागी दोन उगवावीत. अखेर पुतण्याने पेटत्या कोलिताने एकेक मान डागली, तेव्हा कुठे तो आटोपला. पुढे अठराव्या शतकात अब्राहम ट्रेम्ब्ले या अभ्यासकाने गोड्या पाण्यातल्या एका इवल्या जीवाचे तुकडे केले, तर तुकड्यातुकड्यातून पुरता जीव तयार होऊ लागला. १७४४ साली त्याने हे प्रसिद्ध केले. लिनियसच्या १७५८च्या ग्रंथात हा जीव ‘हायड्रा’ याच नावाने नोंदला गेला आणि आज तो आपल्या मुलांच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातही आहे. राक्षस अक्राळविक्राळ, हा प्राणी जेमतेम सेंटिमीटरभर. पण नावाने गोष्टीचा गाभा बरोबर आणला: कापाल तर वाढेल.

मग भस्मासुराचा गाभा कोणता? भागवताच्या दहाव्या स्कंधात हाच असुर वृकासुर या नावाने येतो. तिथे मोहिनी नाही. विष्णू बटूचे रूप घेऊन त्याला स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून वर पारखायला सांगतो. लोकांच्या तोंडी मात्र राहिली ती मोहिनीच्या नाचाची कथा. दादासाहेब फाळक्यांनीही ‘राजा हरिश्चंद्र’नंतर १९१३मध्ये ‘मोहिनी भस्मासुर’ काढला आणि कमलाबाईंनी त्यात मोहिनी रंगवली. कथा कोणतीही घ्या, दोन गोष्टी बदलत नाहीत. वर शंकरानेच दिला होता, आणि जीव घेऊन पळायची वेळही शंकरावरच आली. म्हणजे भस्मासुर हे नुसत्या मोठ्या संकटाचे नाव नव्हे. आपणच दिलेला वर आपल्याच डोक्यावर हात ठेवायला येतो, त्या संकटाचे ते नाव आहे.

आता आमच्या सोलापूरचेच पाहू. सिद्धरामेश्वरांचे हे गाव. भोळ्या सांबाचा भोळेपणा आम्हाला नवा नाही. इथल्या दुष्काळाला भस्मासुर म्हणणे मला पटत नाही. पाऊस कमी पडावा असा वर कोणी कोणाला दिला नव्हता. हा मुलूख पहिल्यापासूनच कमी पावसाचा. म्हणून तर इथल्या माणसाने जमिनीतल्या ओलीवर येणारी मालदांडी ज्वारी धरली. सिद्धरामांनी तलाव खोदवला, अशी परंपरा सांगते. १८७१मध्ये इंग्रज अमदानीत एकरुखचा तलाव झाला. पुढे १९८० साली उजनी धरण उभे राहिले, ११७ टीएमसी पाण्याचे. हा खरा वर!

त्या पाण्यामागे ऊस आला, उसामागे कारखाने आले. आज जिल्ह्यात तिसांहून अधिक साखर कारखाने आहेत. आणि याच जिल्ह्याने २०१२-१३ आणि २०१८-१९मध्ये टँकर आणि चारा छावण्या पाहिल्या. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने नोंदवून ठेवले आहे, की राज्यातल्या पिकांखालच्या क्षेत्रात चार टक्क्यांहूनही कमी असलेला ऊस सिंचनाचे जवळपास सत्तर टक्के पाणी घेतो. हात कोणाच्या डोक्याकडे चालला आहे, हे वेगळे सांगायला नको.

मग ऊस लावणारा शेतकरी असुर ठरतो का? मुळीच नाही. ज्या पिकाचा दर कायद्याने ठरतो आणि ज्याचे गिऱ्हाईक ठरलेले असते, ते सोडून ज्वारी पेर, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, पण बाजारात तो पदरात पडेलच याची खात्री नसते. वर देणारे हात धोरणाचे आहेत, दराचे आहेत, मतांचे आहेत. आणि साखर स्वस्तच हवी म्हणणाऱ्या तुमच्या-आमच्या घराचेही आहेत.

दुष्काळाला भस्मासुर म्हटले, की आपण आभाळाकडे बोट दाखवून मोकळे होतो. पाण्याच्या वाटपाला तो शब्द लावला, तर स्वतःच्या हाताकडे पाहावे लागते. घरातही तसेच आहे. ‘मोबाइलचा भस्मासुर’ म्हणून आपण कपाळाला हात लावतो. पण पोर घास घेईना म्हणून तो त्याच्या हाती प्रथम दिला कोणी? आणि लोकसंख्येला भस्मासुर म्हणताना तर आपण चक्क जन्मलेल्या लेकरांनाच असुर ठरवतो, याचे भान असू द्यावे.

कथेतला दिलासाही लक्षात घ्यायला हवा. शंकराने वर परत घेतला नाही आणि तलवारही चालली नाही. मोहिनीने असुराला आपल्या पावलावर पाऊल टाकायला लावले आणि त्याचा हात वळवला. उजनीचे पाणी कोणी परत मागत नाही. ते मोजून देणे, उसाला ठिबकवर आणणे आणि ज्वारी-तुरीला खात्रीची खरेदी देणे, हा हात वळवण्याचाच प्रकार आहे.

तेव्हा मथळ्यात पुन्हा हा असुर भेटला, तर एवढेच विचारावे: याला वर कोणी दिला? उत्तर ‘कोणीच नाही’ असे आले, तर खुशाल दुसरा शब्द शोधावा. मराठीत संकटांना शब्दांची वाण नाही. आणि देणाऱ्याचे नाव सापडलेच, तर तोच शब्द ठेवावा व पुढचे काम त्या नावापासून सुरू करावे.