सरावात गेलेल्याचं नाव कोण लिहिणार?

स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी पारशिवनीत चहाच्या टपरीवर विषय निघाला. तालुक्यातल्या शहीद जवानांच्या नावांचा एक फलक लावावा, असं काही तरुणांच्या मनात होतं. नावं सांगता सांगता कोणीतरी आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलाचं नाव घेतलं. फौजेत भरती झाला आणि प्रशिक्षण चालू असतानाच अपघातात गेला. लगेच दुसरा म्हणाला, "तो काही लढाईत नाही गेला ना जी!" यादी पुढे सरकली. त्या मुलाचे वडील शेजारच्याच बाकावर बसले होते. काही बोलले नाहीत. चहाचे पैसे दिले आणि उठून गेले.

सैनिकाचं मरण शत्रूच्या गोळीनेच येतं, असं आपण धरून चालतो. इतिहास वेगळं सांगतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे ५५,५७३ लोक मेले. त्यातले आठ हजारांहून अधिक जण प्रशिक्षणात किंवा मोहिमेबाहेरच्या अपघातांत गेले. शत्रूचा मुलूख पाहण्याआधीच कित्येकांचं आयुष्य संपलं.

आपल्या देशातही हे घडलं. ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यात रासगोविंदपूरजवळ अमरदा रोड नावाची जुनी धावपट्टी आहे. बर्मा आघाडीवरच्या वैमानिकांना तिथे हवाई लढाईचं प्रशिक्षण दिलं जाई. २६ जुलै १९४५ रोजी सहा लिबरेटर बॉम्बर विमानं एकमेकांच्या जवळ राहून उडण्याचा सराव करत होती. त्यातली दोन एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले मिळून १४ जण ठार झाले, एकही वाचला नाही. शत्रूने एक गोळीसुद्धा झाडलेली नव्हती. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत जपानने शरणागती जाहीर केली.

या चौदा जणांना काय म्हणायचं? राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाचा त्याबाबतचा नियम साधा आहे. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत असताना मृत्यू आला, मग तो गोळीने असो, अपघाताने असो की तापाने, तर त्याचं नाव जपायचं. हुद्दा, वंश, धर्म पाहायचा नाही. पुण्यात खडकीला गेलात तर हा नियम डोळ्यांनी दिसतो. पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या कबरींची देखभाल होण्याची खात्री नव्हती, त्या तिथे आणल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ जण तिथे आहेत. कोण कसा गेला, हे दगडाच्या आकारावरून कळत नाही. हा नियम सगळ्यांसाठी पाळला गेला असंही नाही. पहिल्या महायुद्धातल्या हजारो भारतीय आणि आफ्रिकी सैनिकांना बरोबरीचा मान दिला नाही, हे आयोगानेच २०२१ साली कबूल केलं. पण नियम होता, म्हणून तर चूक दाखवता आली.

आता 'शहीद' या शब्दाकडे येऊ. हा शब्द आपल्या घरातला आहे. हदीसमध्ये रणांगणावर मरणाऱ्याबरोबरच साथीच्या रोगाने गेलेला, बुडालेला, कोसळलेल्या भिंतीखाली सापडलेला, यांनाही शहीद म्हटलं आहे. उलेमांनी दोघांत फरक केला, पण तो विधींपुरता. रणांगणावरच्या शहीदाला गुस्ल देत नाहीत, बाकीच्यांना देतात. अल्लाहकडच्या दर्जाच्या यादीतून मात्र त्यांचं नाव खोडलेलं नाही. सरकारनेही कागदोपत्री वर्गवारी जरूर ठेवावी. पेन्शन, भरपाई यांना ती लागते. दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उघडलं, तेव्हा त्यावर युद्धात आणि लष्करी मोहिमांत कामी आलेल्यांची २५,९४२ नावं होती. ती तिथे असायलाच हवीत. पण गावाच्या आठवणीला ही वर्गवारी कशाला हवी?

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना सांगायची आहे. कोणी आपल्या देशप्रेमावर शंका घेतली की आपण घाईघाईने १९६५ च्या युद्धातले परमवीरचक्र विजेते अब्दुल हमीद यांचं नाव पुढे करतो. त्यांचा अभिमान आहेच. पण पुराव्यासाठी नावं शोधायची सवय लागली, की सरावात गेलेला मुलगा आपल्यालाच निरुपयोगी वाटू लागतो. त्याच्या मरणातून वादात वापरता येईल असं काही हाती लागत नाही. त्या दिवशी टपरीवर आम्ही चार-पाच जण त्याच्याच मोहल्ल्यातले होतो. आमच्यापैकी कोणी तोंड उघडलं नाही. मीही नाही.

बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात गावोगावी हुतात्मा स्मारकं बांधण्याची योजना निघाली. नाव गावातच दिसावं, हा त्यामागचा विचार आजही लागू पडतो. तालुक्यातून फौजेत, नौदलात, हवाई दलात गेला आणि सेवेत असताना वारला, एवढी एकच अट फलकासाठी पुरे. धर्म विचारू नका. कुठे आणि कसा गेला, ते नावापुढे एका ओळीत लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

फलकाचं काम अजून व्हायचं आहे. यादी घेऊन मी आधी त्या चाचांच्या घरी जाणार आहे. मुलाच्या नावाचं स्पेलिंग त्यांनाच विचारायला हवं.