बोल्ट ठोकण्याआधी...

मित्रांनो, आपला सह्याद्री काळ्या बसाल्टचा, बदामीचे कडे लाल वालुकाश्माचे. पण जगभरचे स्पोर्ट क्लायम्बर धावतात ते चुनखडीकडे! पाण्याने दगड विरघळून त्यात बोटं अडकतील अशी भोकं पडतात ना, म्हणून. ग्रीसमधलं कालिम्नोस हे एकेकाळी स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांचं बेट. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे क्लायम्बरांची रीघ लागली.

उद्या गगनबावड्याकडच्या एखाद्या शांत वाडीत आपणही दोर घेऊन जाऊ. जरूर जावं! पण स्पोर्ट क्लायम्बिंग म्हणजे कड्यात ड्रिलने भोक पाडून बोल्ट बसवणं आलं. आपण सोमवारी लेक्चरला परत येतो, बोल्ट तिथेच राहतो. त्या कड्याखाली कुणाचा देव असतो, कुणाच्या पाण्याचा झरा असतो, कपारीत मधमाश्यांची पोळी असतात. तेव्हा आधी गावात विचारावं, जेवण तिथल्याच घरात सांगावं, रात्री दंगा करू नये. गाव ‘नको’ म्हणालं तर गपगुमान दोर गुंडाळावा.

कॅराबिनर किती किलोन्यूटन सोसेल ते त्याच्यावरच कोरलेलं असतं. गाव किती सोसेल, हे मात्र गावालाच विचारायला लागतं. पटतंय का?