साधा फोन आधी आणि स्मार्टफोन नंतर? नोकिया ११००, आयफोन ३जी आणि आपला बुलढाणा

१/
आजच्या धाग्यात ताम्रपट नाही, शिलालेख नाही, बखरही नाही. आज दोन फोन समोर ठेवू : २००३ च्या अखेरीस बाजारात आलेला नोकिया ११०० आणि २००८ साली भारतात पोहोचलेला आयफोन ३जी. लोणार आणि सिंदखेडराजाच्या जिल्ह्यात बसून फोनचा इतिहास कशाला, असे वाटेल. धागा शेवटपर्यंत वाचा. प्रश्न आजच्या सातबाऱ्यापर्यंत जातो.

२/
आपल्या मनात एक शिडी पक्की बसली आहे : आधी तारेचा फोन, मग साधा मोबाईल, मग स्मार्टफोन. कालक्रम तपासला की ही शिडी डळमळते. स्पर्शाने चालणारा पडदा, ईमेल, फॅक्स आणि दिनदर्शिका असलेला आयबीएमचा ‘सायमन’ अमेरिकेत १९९४ सालीच विक्रीला आला होता. वजन अर्धा किलो आणि बोलण्यापुरती बॅटरी जेमतेम तासभर. नोकिया ११०० त्यानंतर नऊ वर्षांनी आला. ज्याला आपण ‘आधीचा’ म्हणतो, तो प्रत्यक्षात नंतरचा आहे.

३/
म्हणून ११०० चा साधेपणा हा तंत्रज्ञानाच्या बाल्यावस्थेचा पुरावा मानता येत नाही. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. रंगीत पडदे आणि कॅमेरे तेव्हा उपलब्ध होते. ते वगळले गेले. त्यांच्या जागी धूळ आत जाऊ नये म्हणून सलग रबरी कळफलक, घामेजल्या हातातून निसटू नये अशी खरखरीत कड, माथ्यावर टॉर्च आणि कंपनीच्या दाव्यानुसार सुमारे ४०० तास तग धरणारी बॅटरी आली. वजन ८६ ग्रॅम. जगभरात असे २५ कोटींहून अधिक फोन विकले गेले.

४/
पण वस्तू एकटी कधीच इतिहास घडवत नाही. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून सुखराम यांना दिल्लीत फोन केला आणि भारतात मोबाईल सुरू झाला. तेव्हा आलेला फोन उचलला तरी पैसे लागत. १ मे २००३ पासून नवी दरव्यवस्था लागू झाली आणि येणारा कॉल फुकट झाला. त्याच वर्षी ११०० आला. स्वस्त हँडसेट आणि फुकट ‘इनकमिंग’ यांची ही गाठ पडली नसती, तर हा फोन शहरातच राहिला असता.

५/
याच गाठीतून आपल्याकडची एक विलक्षण संस्था जन्मली : मिस कॉल. एक रिंग म्हणजे ‘एसटीत बसलो’, दोन म्हणजे ‘स्टँडवर घ्यायला या’. शून्य रुपयांत निरोप. हा संकेत ना हेलसिंकीत ठरला, ना दिल्लीत. तो लोकांनी ठरवला. वापरणाऱ्यांनी यंत्राला दिलेला अर्थ हाही इतिहासच असतो, आणि तो माहितीपत्रकात सापडत नाही.

६/
आता टॉर्च. आपल्या भागात टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणतात, हे लक्षात घ्या. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने भीषण भारनियमन सोसले. शेतीची लाइन पाळीपाळीने, बरेचदा रात्री येई. मोटर सुरू करायला विहिरीवर जायचे म्हणजे काळोख, चिखल, साप आणि ओल्या तारा. या माणसाच्या खिशातल्या फोनला दिवा असणे ही चैनीची बाब नव्हती. चार दिवस चार्ज न करता चालणे हीदेखील नव्हती, कारण घरातही वीज नव्हतीच.

७/
पुढची पायरी मराठी माणसाने गाठली. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे उपकरण विकसित केले. पंपाच्या स्टार्टरला मोबाईल जोडायचा, घरून फोन लावून सांकेतिक आकडे दाबायचे, आणि मोटर सुरू किंवा बंद. आज ज्याला आपण ‘स्मार्ट शेती’ म्हणतो, ती साध्या फोनवरच सुरू झाली होती. मग ‘स्मार्ट’ नेमके काय होते : यंत्र की वापर?

८/
दुसरा फोन पाहू. २२ ऑगस्ट २००८ रोजी आयफोन ३जी भारतात आला. ८ जीबीच्या फोनची किंमत ३१,००० रुपये. त्याच हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ३,००० रुपये होता. एक फोन म्हणजे दहा क्विंटलांहून अधिक कापूस. कोरडवाहू रानात दोन-तीन एकरांचे पीक.

९/
शिवाय, ज्या ३जी जाळ्याचे नाव त्या फोनला होते, ते जाळे त्या दिवशी भारतात सुरूच झालेले नव्हते. सरकारी कंपन्यांनी ते त्यानंतर काही महिन्यांत सुरू केले. खाजगी कंपन्यांना २०१० च्या लिलावापर्यंत थांबावे लागले. यंत्र हाती होते, पण ज्या जगासाठी ते घडवले ते जग इथे नव्हते. प्रत्येक यंत्र आपल्याभोवती एक जग गृहीत धरते. ११०० ने अंधार, धूळ आणि खिशातली चणचण गृहीत धरली. आयफोनने अखंड वीज, वेगवान इंटरनेट आणि बँकेचे कार्ड गृहीत धरले.

१०/
भाषेचे काय? इथे दोन्ही फोन आपल्याला कमी पडले. रोमन लिपीतला एसएमएस १६० अक्षरांचा; देवनागरीत लिहिला की मर्यादा ७० वर येई, आणि काना-मात्राही त्यातच मोजल्या जात. म्हणून आपण ‘मी येतो’ हे रोमनमध्ये लिहायला शिकलो. २००९ साली अँड्रॉइड फोन भारतात आले, तेव्हाही सुरुवातीच्या अनेक संचांवर मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. ‘स्मार्ट’ म्हणवणाऱ्या यंत्राला आपली लिपी वाचता येत नव्हती.

११/
मालकीचा फरकही मोठा. आपल्याकडे शेजाऱ्याचा नंबर ‘पी.पी. नंबर’ म्हणून पत्रिकेवर छापण्याची रीत होती. फोन घराचा, कधी गल्लीचा असे. नोकियाने ही रीत ओळखली आणि २००७ च्या नोकिया १२०० मध्ये एकाच फोनवर पाच वेगळ्या नंबरवह्यांची सोय दिली. आयफोन मात्र पहिल्यापासून एकाच माणसाचा. सामायिक फोनचे गोडवे गाण्याची घाई मात्र नको. घराचा फोन बहुधा घरातल्या पुरुषाच्या खिशात असे, आणि सुनेला माहेरी बोलायचे तर ते सर्वांसमोर बोलावे लागे. खाजगीपण ही स्मार्टफोनने दिलेली खरी देणगी आहे.

१२/
मग साध्या फोनने शेतकऱ्याचे भाग्य उजळले का? केरळच्या मच्छीमारांवरचा रॉबर्ट जेन्सन यांचा २००७ चा अभ्यास प्रसिद्ध आहे : समुद्रातूनच भाव विचारून बोट योग्य बंदराला वळवता आली, आणि बाजारभावांतली तफावत घटली. पण हा निष्कर्ष उचलून वऱ्हाडात ठेवता येत नाही. ११०० गावोगाव पसरत होता त्याच काळात, २००६ साली, शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज जाहीर झाले. त्या सहांत बुलढाणा होता. खामगावचा भाव फोनवर कळला, तरी उधारी ज्याच्याकडे आहे त्यालाच माल घालावा लागत असेल, तर कळून काय उपयोग? माहिती म्हणजे सौदा करण्याची ताकद नव्हे.

१३/
स्मार्टफोन आपल्याकडे खऱ्या अर्थाने रुजला तो ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाल्यानंतर, डेटा स्वस्त झाल्यावर. पुन्हा तीच गोष्ट : यंत्र आधीपासून होते, दर बदलले तेव्हा इतिहास बदलला. २०१७ चा जिओफोन तर बटणांचाच होता आणि त्यात ४जी होते. शिडीची एक पायरी इथे चक्क उलटी लागली आहे.

१४/
आता सातबारा. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः ॲपवर, शेतात उभे राहून, छायाचित्रासह पिकाची नोंद करायची. कल्पना चांगली आहे. आपल्या पिकाची नोंद आपल्या हाती, हे मोलाचे आहे. पण ज्याच्या खिशात आजही बटणांचा फोन आहे, तो शेजारच्या पोराच्या किंवा सेवा केंद्राच्या दारी जातो. उरलेली नोंद गावपातळीवर करून घेण्याची सोय आहे हे खरे. तरीही अतिवृष्टीच्या मदतीच्या वेळी ‘तुमची नोंदच नाही’ हे वाक्य कोणाच्या वाट्याला आधी येते, याचा विचार करा.

१५/
माझे मत इथे स्पष्ट मांडतो. ‘साधा फोन म्हणजे भूतकाळ’ हा निव्वळ इतिहासलेखनाचा दोष राहिलेला नाही. तो धोरणाचा दोष झाला आहे. शिडीवर विश्वास असला की खालच्या पायरीवरचा माणूस ‘लवकरच वर येईल’ असे गृहीत धरले जाते, आणि तोवर त्याच्यासाठी सोय करण्याची गरज वाटत नाही. पण साधा फोन वापरणारा माणूस आपल्याच काळात जगतो आहे. ज्या सेवेवर नुकसानभरपाई अवलंबून आहे, तिला साध्या कॉलचा किंवा एसएमएसचा मार्ग असलाच पाहिजे. फोन लावून मोटर सुरू होत होती, तर फोन लावून पिकाची नोंद होणे अशक्य नसावे.

१६/
शेवटी, इतिहासाच्या विद्यार्थी मित्रांना एक काम. ११०० मध्ये मोजकेच एसएमएस मावत. पेटी भरली की जुने पुसावे लागत. मिस कॉलची तर कोणतीही दप्तरनोंद आपल्या हाती नाही. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या त्या दशकाचे संभाषण जवळजवळ संपूर्ण नाहीसे झाले आहे. उरल्या आहेत त्या आठवणी, खिशातल्या डायरीत लिहिलेले नंबर, रिचार्जची कार्डे आणि ट्रंकेतले बंद पडलेले संच.

१७/
तेव्हा घरातल्या आजोबांना, मावशीला विचारा : पहिला फोन कधी घेतला, कापूस विकून की सोयाबीन? तो कोणाच्या खिशात असे? किती रिंगांचा काय अर्थ होता? उत्तरे तारीख आणि गावासह लिहून ठेवा. मेहकर, मोताळा, जळगाव जामोद, देऊळगावराजा, सगळीकडचे संकेत वेगळे असतील. तुमच्या घरातले संकेत खाली लिहा. धागा तिथून पुढे नेऊ.